‘आनी-पानी’ बोलणाऱ्या पोरी आणि टीव्हीचा पडदा

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. बी.कॉम. झालेली, नांदेडला एका पतसंस्थेत कारकून, तिच्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात असताना युवक महोत्सवाच्या एकांकिकांमध्ये तिनं कामं केली होती, बक्षिसंही आणली होती. एका मालिकेसाठी तिनं मोबाइलवर ऑडिशनचा व्हिडिओ करून पाठवला होता आणि त्यांनी तिला लूक टेस्टसाठी मुंबईला बोलावलं होतं. भूमिका नायिकेच्या मैत्रिणीची. “ताई, जाऊ का?” एवढंच तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत मागून मावशीचा आवाज आला. “आमच्या आजीनं फडाचा रंग पुसायला सगळं आयुष्य घातलं, अन् ही पोरगी परत तोंडाला रंग लावाया निघाली. तू तिची ताई हायेस. तूच सांग तिला.”

मावशीची आजी म्हणजे माझी पणजी. ती तमाशाच्या फडात होती. बाबासाहेबांची चळवळ आमच्या गावात पोचली, तेव्हा घरानं फड सोडला तो कायमचा. घुंगरं विकून टाकली, असं आई सांगायची. नंतरच्या पिढीनं शेतमजुरी केली, खडी फोडली, पण स्टेजवर पाय ठेवला नाही. आमच्या घरात शिक्षणाइतकाच फड सोडण्याचा अभिमान आहे. त्यामुळे त्या रात्री मी बहिणीला ‘जा’ म्हणू शकले नाही आणि ‘जाऊ नको’ असंही म्हणू शकले नाही. उद्या बोलते, एवढं म्हणून फोन ठेवला. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरासाठी आहे. हाच प्रश्न आज आपल्या अनेक घरांत आहे, आणि पोरी तो एकट्यानं सोडवत आहेत, म्हणून तो सगळ्यांसमोर मांडते आहे.

आधी मावशीच्या बाजूनं बोलते, कारण तिला मागासलेली ठरवणं फार सोपं आहे. सवर्ण घरातली मुलगी नाटक-मालिकांत जाते तेव्हा तिचे आईवडील करिअरची, स्पर्धेची, अस्थिरतेची काळजी करतात. आपल्या घरात याखेरीज एक वेगळी भीती असते. आपल्या बायकांना कलेसाठी कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग या जातींतल्या बायकांना नाचगाणं हे जातीचं काम म्हणून वाट्याला आलं. वरच्या जातींनी ते पाहिलं, त्यावर पैसे उधळले आणि नाचणारीला घरंदाज मानलं नाही. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा गरिबीतच होत्या. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार पुरस्कार देतं. नाव मोठं झालं, बाईचे हाल मात्र चुकले नाहीत.

पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ च्या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांचा हाच इतिहास मांडला आहे. अश्लीलतेचा शिक्का कलेवर पडला की कलेच्या आडून जातीवर पडला, हा प्रश्न त्या वाचकापुढे ठेवतात. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या पोरींनी हे पुस्तक वाचावं, कारण मावशीची भीती कुठून येते ते त्यातून कळतं.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. चळवळीनं फड सोडायला सांगितला, कला सोडायला सांगितलं नाही. आंबेडकरी जलशांनी तेच ढोलकी-डफ हातात घेऊन गावोगाव प्रबोधन केलं. आजही औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात तेव्हा हजारो लोक मान डोलावतात, आणि त्या गाण्याला कुणी ‘नाचकाम’ म्हणत नाही. म्हणजे आपला विरोध कलेला कधीच नव्हता. आपला विरोध जन्मानं लादलेल्या आणि अपमान चिकटलेल्या कामाला होता. हा फरक आपण घरात नीट सांगितला नाही. मग १४ एप्रिलच्या स्टेजवर पोरगी गायली की टाळ्या वाजतात, आणि तीच पोरगी अभिनयात करिअर करते म्हणाली की घरात रडारड होते.

सवर्णांच्या घरांत हा प्रश्न कसा सुटला तेही पाहू. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा काम करायला बाई मिळाली नाही. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्यांनाही समाजाचा रोष सोसावा लागला, हे मान्य केलं पाहिजे. पण १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटेंसारख्या शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या बाई आल्या आणि हळूहळू सिनेमा ‘चांगल्या घरच्या मुलींनाही’ चालेल असा झाला. पेशाला प्रतिष्ठा आली ती आत येणाऱ्यांची जात बदलल्यामुळे. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गात-नाचत आल्या होत्या, त्यांचं ‘खालच्या दर्जाचं’ असणं तसंच राहिलं.

आता त्याच काळातली केरळची गोष्ट. जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’ या मल्याळममधल्या पहिल्या सिनेमात पी. के. रोझी नायिका होती. ती पुलया समाजातली, गवत कापणारी आणि लोकनाट्यात काम करणारी दलित स्त्री. सिनेमात तिनं नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात खेळ लागला तेव्हा दलित बाई पडद्यावर नायर बाई होते हे सवर्ण प्रेक्षकांना सहन झालं नाही. त्यांनी दंगा केला, पडद्यावर दगड मारले, तिचं घर जाळलं. रोझी जीव वाचवून तमिळनाडूत पळाली आणि राजम्माल या नावानं उरलेलं आयुष्य जगली. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. २०१९ साली केरळच्या ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’नं तिच्या नावानं फिल्म सोसायटी काढली आणि १० फेब्रुवारी २०२३ ला गुगलनं आपल्या पानावर तिचं चित्र लावलं.

रोझीचा गुन्हा काय होता? ती वरच्या जातीची बाई झाली. अभिनय म्हणजे दुसरं कुणीतरी होणं, असं नाट्यशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात. मग पुढचा प्रश्न असा की, कुणाला कोण होण्याची परवानगी आहे? नीरज घायवान यांचा ‘गीली पुच्ची’ (२०२१) मी तीनदा पाहिला. कारखान्यात मशीनवर काम करणारी भारती मंडल ही दलित बाई पात्रता असूनही डेस्कवरच्या नोकरीपासून दूर ठेवली जाते, ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येक पदवीधराला आपली वाटेल. ती भूमिका कोंकणा सेन शर्मांनी केली आणि उत्तम केली. २०२३ साली ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या सिझनमध्ये घायवान यांनीच दिग्दर्शित केलेल्या भागात दलित प्राध्यापिकेचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालेलं दिसलं. ती भूमिका राधिका आपटेंची. पडद्यावर बुद्धाच्या मूर्तीपुढे आपल्यासारखं लग्न पाहून मी रडले, हे लपवत नाही. पण दोन्ही वेळा भूमिका दलित स्त्रीची आणि अभिनेत्री दलित नव्हती, हेही खरं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: मग काय दलितांच्या भूमिका दलितांनीच करायच्या? मी तसं म्हणत नाही. कुणीही कुणाचीही भूमिका करावी. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालू हवा. सवर्ण अभिनेत्री दलित बाई झाली की तिच्या अभिनयाचं कौतुक होतं. दलित अभिनेत्रीला नायिका होण्यासाठी आधी आपलं दलितपण पुसावं लागतं, आडनाव गाळावं लागतं, नाहीतर मोलकरणीच्या भूमिकेवर समाधान मानावं लागतं. हे मी ऐकीव सांगत नाही.

विद्यापीठात पत्रकारिता शिकत असताना मी नाटकंही करत होते. शिक्षण झाल्यावर मुंबईत दोन वर्षं दोन्हीकडे प्रयत्न केले. एका मालिकेत शिक्षिकेच्या भूमिकेसाठी ऑडिशन दिली. माझा सीन झाल्यावर समोरची बाई म्हणाली, “एक्स्प्रेशन छान आहेत, पण भाषा शुद्ध नाही.” मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं होतं. ‘आणि’ला ‘आनी’. दोन महिन्यांनी त्याच ऑफिसातून फोन आला. आता भूमिका घरकाम करणाऱ्या बाईची होती. या वेळी मी घरी घोकून गेले होते, एकही ‘ण’ चुकला नाही. तर तीच बाई म्हणाली, “नाही नाही, तू मागच्या वेळी बोललीस ना, तसंच गावाकडचं बोल. ते फार गोड वाटतं.”

माझी जीभ तीच होती. शिक्षिका व्हायला ती अशुद्ध होती आणि भांडी घासायला गोड. गंमत म्हणजे त्याच वेळी मी खऱ्या आयुष्यात एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना मराठी शिकवत होते आणि माझी मुलं चांगल्या मार्कांनी पास होत होती. ती भूमिका मी केली. सहा दिवसांचं काम होतं, आणि त्यातल्या दोन दिवसांत मला एकही वाक्य नव्हतं.

मराठीत ‘न’ आणि ‘ण’ हा निव्वळ उच्चाराचा मामला कधीच नव्हता. कोण कुठल्या आळीतून आलं ते ओळखायची ती जुनी खूण आहे. न्यूज चॅनेलमध्ये ‘व्हॉइस टेस्ट’ म्हणतात, मालिकेत ‘डिक्शन’ म्हणतात, आणि दोन्हीकडे अर्थ एकच निघतो. वर सांगितलं जातं की प्रेक्षकांना तुमची भाषा चालत नाही. हे साफ खोटं आहे. २०१६ साली ‘सैराट’नं मराठी सिनेमाच्या तोवरच्या कमाईचे सगळे विक्रम मोडले, ते करमाळा-अकलूजकडच्या बोलीत. अकलूजच्या रिंकू राजगुरूला शाळेत असतानाच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. प्रेक्षकांनी ती भाषा डोक्यावर घेतली. अडचण प्रेक्षकांची असती तर ‘सैराट’ पडला असता. अडचण निवड करणाऱ्यांची आहे. त्याच सिनेमाचा २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला तेव्हा बोली तर गेलीच, जातही जवळजवळ गायब झाली.

आपल्या रोजच्या मालिका पाहा. ‘होणार सून मी ह्या घरची’तलं घर गोखल्यांचं, ‘आई कुठे काय करते’तलं देशमुखांचं. गोखले-देशमुखांनी मालिकेत असू नये असं नाही. पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत कांबळे, जाधव, वाघमारे, मडावी यांच्या घरातली सून, तिची सासू, तिची नोकरी, तिचा संसार हे मध्यवर्ती असलेल्या मालिका शोधायला गेलं तर हाताची बोटं जास्त होतात. बाबासाहेबांवर मालिका झाली, ती घराघरांत पाहिली गेली, तेही चांगलंच झालं. पण आपण फक्त महामानवाच्या चरित्रातच पडद्यावर यायचं का? साधं, भांडकुदळ, प्रेमळ, इएमआय भरणारं माणूस म्हणून कधी?

मालिकांकडून बातम्यांकडे वळू, कारण आपल्यातल्या पुष्कळ मुली पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडतात. १९९६ साली ‘द पायोनियर’मध्ये बी. एन. उनियाल यांनी लिहिलं की, एका परदेशी वार्ताहरानं दलित पत्रकाराशी बोलायचं आहे असं सांगितलं आणि त्यांना एकही सापडला नाही. केंद्र सरकारच्या यादीतले ६८६ अधिस्वीकृत पत्रकार त्यांनी पाहिले. ४५४ जणांच्या आडनावांतच जात दिसत होती, आणि उरलेल्यांपैकी ज्यांना फोन केले त्यांत एकही दलित निघाला नाही. दहा वर्षांनी, २००६ साली, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीच्या ३७ माध्यमसंस्थांतल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या लोकांची पाहणी केली. सुमारे ७१ टक्के जागा सवर्ण हिंदू पुरुषांकडे होत्या. दलित-आदिवासी शून्य. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्रीनं पाहणी केली, तेव्हा नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे होत्या आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हती. हिंदीतले ४० आणि इंग्रजीतले ४७ चर्चा-निवेदक मोजले, त्यांत दर चारांतले तीन सवर्ण.

हे आकडे आपण वाचतो आणि पुढे जातो. एकदा थांबून बघू. दलित शून्य असतील तर दलित स्त्रियाही शून्यच. १९९६ ला जन्मलेली मुलगी २०१९ ला पदवी घेऊन बाहेर पडली आणि तिच्यासमोर तोच शून्य होता. मधल्या काळात खाजगी चॅनेलं आली, वेबसाइटी आल्या, मोबाइल आला. शून्य हलला नाही. आणि वर आम्हाला विचारलं जातं, “तुमच्यातले लोक अर्जच करत नाहीत का?”

अर्ज करतात. पण दार कसं उघडतं ते पाहा. सुरुवातीला बिनपगारी इंटर्नशिप. सहा महिने मुंबईत किंवा दिल्लीत स्वतःच्या खर्चानं राहायचं. ज्या घरात पोरगी पदवीधर होताच पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घराला हे परवडतं का? मालिकांच्या धंद्यात कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत आहे. जूनमध्ये शूटिंग केलं तर हातात पैसे सप्टेंबरच्या शेवटी. तोवर खोलीचं भाडं चार वेळा द्यावं लागतं. गोरेगावची फिल्मसिटी, नायगाव, मीरा रोड, ठाण्याचा घोडबंदर रस्ता इथं सेट असतात, शिफ्ट बारा तासांची. वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनसाठी दारोदार फिरायचं आणि ‘नॉट फिट’ ऐकून परतायचं. ज्याचा मामा अंधेरीत राहतो तो दोन वर्षं नकार पचवू शकतो. जिची खोली नालासोपाऱ्यात चौघींत आहे ती सहा महिन्यांत गावी परतते. मग म्हणतात, तिच्यात टॅलेंट नव्हतं. टॅलेंट होतं. थांबण्याचे पैसे नव्हते. जात इथं शिवी देत नाही, ती घरभाड्याच्या रूपानं येते.

दुसरी भीती सुरक्षिततेची, आणि ती खरी आहे. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर झालेल्या हल्ल्यानंतर न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. समितीनं डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. सरकारनं तो ऑगस्ट २०२४ पर्यंत बाहेर येऊ दिला नाही. कामाच्या बदल्यात शरीराची मागणी, आवाज उठवणाऱ्यांवर बंदी, इतकंच काय, सेटवर बायकांना लघवीला जायला आणि कपडे बदलायला जागा नसणं, हे सगळं त्यात आहे. सगळ्यात वाईट स्थिती ज्युनिअर आर्टिस्टांची. आपल्या पोरी सुरुवात तिथूनच करतात.

इथं एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध आज जो कायदा आहे त्याच्या मुळाशी एक बहुजन बाई आहे. राजस्थानच्या भटेरी गावातल्या भँवरी देवी, कुंभार समाजातल्या, सरकारच्या साथिन कार्यकर्त्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ साली वरचढ जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. खालच्या कोर्टानं आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडलं. पण त्या प्रकरणातूनच १९९७ सालची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे २०१३ चा कायदा आला. आज वातानुकूलित ऑफिसातल्या बायका ज्या कायद्याचा आधार घेतात, त्याची किंमत भँवरी देवींनी मोजली आहे. तो कायदा वापरणं हा आपला हक्क आहे.

त्यातलं कामाचं तेवढं सांगते. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच, नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. मालिकेच्या सेटवर दहापेक्षा कितीतरी जास्त माणसं असतात. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रार करायला तुम्ही तिथं पगारी नोकरीत असण्याची अट नाही, म्हणजे ऑडिशनला गेलेली मुलगीही तक्रार करू शकते. जात काढून अपमान किंवा अत्याचार झाला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा वेगळा आहेच. आणि एक साधा नियम: ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, ‘कार्ड’ काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठायचं. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

मग आपण आपली माध्यमं काढावीत का? काढावीत, आणि आपण काढलीच आहेत. १८५५ साली मुक्ता साळवेनं ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हा ती सावित्रीमाई-जोतिबांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. तानूबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘दीनबंधु’चं संपादन केलं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं, आणि त्याच नावानं २०२१ साली मीना कोटवाल यांनी दिल्लीतून ‘द मूकनायक’ उभं केलं. २००२ साली उत्तर प्रदेशच्या चित्रकूटमध्ये बहुतांश दलित बायकांनी ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतलं पत्र काढलं, आणि पुढे हातात मोबाइल घेऊन खाणमाफियापासून बलात्काराच्या तक्रारींपर्यंत बातम्या दिल्या. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्याच वेळी या बायकांनी जाहीरपणे सांगितलं की, सिनेमात दिसतो तो आमच्या कामाचा एक तुकडा आहे, आमचं सगळं काम नव्हे. मला त्या निवेदनाचं जास्त कौतुक वाटलं. जगभर कौतुक होत असतानाही आपली गोष्ट आपणच सांगणार, हे त्यांनी सोडलं नाही.

पण आपली माध्यमं आहेत म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही. खाजगी चॅनेलांत आरक्षण नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण चॅनेलांना परवाना सरकार देतं, जाहिरातींचा पैसा जनतेच्या करातून जातो, गोरेगावच्या फिल्मसिटीची जमीन सरकारी आहे, मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं. निदान मोजणी तरी करा. अमेरिकेत वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेनं १९७८ पासून आपल्या न्यूजरूममध्ये कोणत्या वंशाचे किती लोक आहेत याची मोजणी सुरू केली. आपल्याकडे एका तरी मोठ्या मराठी चॅनेलनं आपल्या न्यूजरूममधल्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि ओबीसी स्त्रियांचा आकडा स्वतःहून जाहीर करून दाखवावा. पगारी इंटर्नशिप द्यावी. सेटवर समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावावेत. यात क्रांतिकारक असं काहीच नाही.

काही कामं आपलीही आहेत. जयंतीला डीजेवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा भाग बाजूला काढला, तर एका वस्तीतल्या एका मुलीचं मुंबईतलं वर्षभराचं भाडं निघतं. मुंबई-पुण्यात, दिल्लीत स्थिरावलेल्या आपल्या लोकांनी गावाकडून आलेल्या मुलीला पहिले तीन महिने आपल्या घरात जागा द्यावी. सवर्णांकडे मामा-काका असतात, आपल्याकडे चळवळ आहे. तिनं मामाचं काम करावं. एफटीआयआय, एनएसडी, आयआयएमसी या सरकारी संस्थांत आपल्या राखीव जागा आहेत; त्यांच्या प्रवेशाची तयारी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत व्हायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी मी आधी मावशीला फोन केला. म्हटलं, “मावशी, पणजीनं फड सोडला तो रंगाला कंटाळून नाही. तिला ते काम निवडता आलं नव्हतं, नाकारता आलं नव्हतं, म्हणून सोडला. हिच्या हातात पदवी आहे. पटलं नाही तर ही परत येऊन पतसंस्थेत बसेल. जे काम सोडता येतं ते काम. जे सोडता येत नाही ती जात.” मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पगाराचं काय?” मी नव्वद दिवसांचा हिशोब सांगितला, माझ्याकडे राहील असं सांगितलं.

बहिणीला मी तीन गोष्टी सांगितल्या. नोकरी सोडू नको, आधी बिनपगारी रजा टाक. एकटी जाऊ नको, लूक टेस्टला मी सोबत येते. आणि तिथं ‘पानी’ म्हणायचं की ‘पाणी’, ते भूमिका ठरवेल, तुझी लाज नाही.

लूक टेस्ट झाली. अजून कळवलेलं नाही. निवड होईल किंवा ‘नॉट फिट’ येईल. काल मावशीचा फोन आला, तेव्हा तिनं स्वतःहूनच विषय काढला. म्हणाली, “झालं तर कागद नीट वाचूनच सही कर म्हणावं तिला. आमच्या आजीचा अंगठा घेतला होता.”

जय भीम. जय सावित्री.